जलपर्णी पसरण्याआधी: तलावांच्या निगराणीसाठी स्वयंसेवकांची कार्यपद्धती

जलपर्णीने तलाव झाकला की त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, निविदा निघते, यंत्रे तलावात उतरतात, काठावर हिरवे ढीग लागतात आणि पुढच्या हंगामात तेच सारे पुन्हा घडते. मुंबईचा पवई, पुण्याचा पाषाण, नागपूरचा अंबाझरी, कोल्हापूरचा रंकाळा अशा अनेक तलावांच्या काठी राहणाऱ्यांना हे चक्र चांगले परिचयाचे आहे. या चक्रात एकच काम सातत्याने राहून जाते. तलाव मोकळा असताना त्याच्याकडे ठरावीक काळाने, ठरावीक पद्धतीने पाहणे आणि पहिली दहा रोपे दिसतील त्याच दिवशी ती नोंदवणे, हे ते काम होय. त्यासाठी यंत्र लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. नेमाने येणारी माणसे मात्र लागतात. म्हणून ते स्वयंसेवकांनी हाती घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीच्या दहा रोपांना एवढे महत्त्व का द्यायचे, हे साध्या हिशेबाने कळते. उष्ण हवा आणि सांडपाण्यातून येणारे नत्र व स्फुरद मिळाले की जलपर्णी साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. दोन आठवड्यांचा सावकाश वेग धरला, तरी ऑक्टोबरच्या आरंभी असलेली दहा रोपे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दहा वेळा दुप्पट होतात आणि त्यांची संख्या दहा हजारांवर जाते. हा हिशेब कागदावरचा आहे; थंडीत वाढ मंदावते, काही रोपे गुरे खातात, काही काठावर वाळतात. तरीही दहा रोपे दोन माणसे सकाळच्या एका फेरीत काढू शकतात आणि दहा हजारांसाठी निविदा काढावी लागते, हा फरक खरा आहे.

तलाव कोणाचा, हे आधी विचारावे

काठावर फिरण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही, परंतु पाण्यातून काही काढायचे असेल, नाव न्यायची असेल किंवा नोंदी पुढे प्रशासनाला सादर करायच्या असतील, तर तलावाची मालकी कोणाकडे आहे हे ठाऊक असावे. शहरातील तलाव बहुधा महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे असतात. इतरत्र जलसंपदा विभाग, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा वन विभाग यांपैकी कोणीही मालक असू शकतो. नांदूर मधमेश्वरसारख्या अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीवाचून काहीही करू नये. अनेक तलावांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो आणि त्या संस्थेच्या सभासदांना भेटल्याशिवाय काम सुरू करणे, हे माझ्या मते अशिष्ट आहेच, शिवाय नुकसानीचेही आहे. रोज पहाटे जाळे टाकणाऱ्या माणसाला तलावात नवीन काय आले हे सर्वांआधी कळते. पूर्व विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर धीवर समाजाला पाणवनस्पतींची जेवढी बारीक ओळख आहे, तेवढी पुस्तके वाचून येत नाही. अशा ठिकाणी आपण शिकायला जात आहोत, या भावनेनेच जावे.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण ते मोडू नयेत. एकट्याने फेरी करू नये. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नये आणि नावेत बसल्यास जीवरक्षक जाकीट घालावे. पवई तलावात मगरी आहेत. तेथे आणि मगरींचा वावर असलेल्या इतर कोणत्याही पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून रबरी हातमोजे व गमबूट वापरावेत आणि अंगावर जखम असेल तर त्या दिवशी फक्त नोंदी लिहिण्याचे काम घ्यावे. जलपर्णीचा दाट थर वरून घट्ट जमिनीसारखा भासतो. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

ओळख: घाईने काहीही उपटू नये

निगराणीतील सर्वांत मोठा धोका म्हणजे आपल्याच पाणवनस्पतींना परके समजणे. पाण्यावर तरंगणारे सर्व हिरवे वाईट, अशा समजुतीने काढलेली स्वच्छता मोहीम तलावाचे भले करीत नाही. माशांची अंडी, पाणकीटक, कमळपक्ष्याची घरटी हे सारे स्थानिक वनस्पतींच्याच आधाराने टिकते. म्हणून नव्या गटाने पहिल्या दोन-तीन फेऱ्या केवळ ओळखीसाठी ठेवाव्यात.

जलपर्णीपासूनच सुरुवात करावी. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि तेथे तिने एवढा उच्छाद मांडला की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तिची पाने गोलसर, जाड व चकचकीत असतात, देठ मध्यभागी फुगलेला असतो आणि तो आडवा कापला तर आत हवेने भरलेल्या असंख्य लहान पोकळ्या दिसतात. मुळे काळपट जांभळी आणि पिसासारखी दाट असतात. फुले फिकट जांभळी असून वरच्या पाकळीवर गडद जांभळ्या डागाच्या मधोमध पिवळा ठिपका असतो. नवख्या माणसाची फसगत होते ती देठाच्या बाबतीत. मोकळ्या पाण्यातील सुट्या रोपाचे देठ बुटके व फुगीर असतात, तर गर्दीत वाढलेल्या रोपाचे देठ उंच, सडपातळ आणि जवळजवळ न फुगलेले असतात. दोन्ही एकच वनस्पती होय. मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये तिचे शास्त्रीय नाव कोठे आयकॉर्निया क्रासिपेस, तर कोठे पॉन्टेडेरिया क्रासिपेस असे दिसेल. पहिले नाव जुने आणि दुसरे नवे आहे, त्यामुळे या दोन नावांच्या वेगवेगळ्या नोंदी करू नयेत.

फुगीर देठ दिसला की जलपर्णी, असे मात्र समजू नये. शिंगाड्याच्या देठालाही तसाच फुगवटा असतो. शिंगाड्याची पाने मात्र तिरप्या चौकोनाच्या आकाराची, दातेरी कडांची असतात, ती पाण्यावर चहूबाजूंना सपाट पसरतात आणि फुले पांढरी असतात. भंडारा-गोंदिया भागात शिंगाडा हे कुटुंबाचे उत्पन्न आहे. ते उपटले गेले तर स्वयंसेवकांवरचा विश्वास कायमचा उडेल. दुसरी सारखी दिसणारी वनस्पती मोनोकोरिया ही आहे. भातखाचरांत व तलावाच्या उथळ काठावर ती निळसर फुलांनी उठून दिसते, पण ती चिखलात रुजलेली असते, तिच्या देठाला फुगवटा नसतो आणि फुलावर पिवळा ठिपकाही नसतो.

साल्व्हिनिया मोलेस्टा ही तरंगणारी नेचे वर्गातील वनस्पती आहे. मूळची ब्राझीलची. केरळमध्ये तिने कालवे आणि भातशेती व्यापली, आणि २०१३ साली जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचा समावेश झाला. नेचे वर्गातील असल्याने तिला बी येत नाही. तुटलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवे रोप होते, आणि म्हणूनच ती हाताळताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. ओळखीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. पानाच्या वरच्या बाजूस उभे केस असतात आणि प्रत्येक केसाचे चार फाटे टोकाशी पुन्हा एकत्र जुळतात, त्यामुळे भिंगाखाली ते अंडी फेटण्याच्या यंत्राच्या जाळीदार टोकासारखे दिसतात. त्या केसांवर पाण्याचा थेंब टाकला तर तो न पसरता गोल राहतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. शेतकरी जनावरांच्या चाऱ्यासाठी जो अझोला वाढवतात, तो बराच लहान असतो आणि उन्हात तांबूस होतो. त्याला साल्व्हिनिया समजून तक्रार करू नये.

अ‍ॅलिगेटर वीड काठावरच्या चिखलात रुजून पाण्यावर पसरते. तिची खोडे पोकळ, पाने समोरासमोर आणि फुलांचे पांढरे, कागदासारखे कोरडे गोंडे लांब दांड्यावर असतात. तिच्याच कुळातील, पालेभाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या प्रजातीचे गोंडे दांड्यावर नसतात, ते पानाच्या बगलेत चिकटलेले असतात. बेशरम आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. उंच झुडूप, गुलाबी-जांभळी फुले, गुरांना विषारी आणि खोडाचा तुकडा चिखलात पडला तरी रुजणारे. त्याच्याच जातीची नाळीची भाजी मात्र पाण्यावर सरपटत जाते, ती खाद्य आहे आणि तिला हात लावू नये. पिस्टिया ही मखमली, फिकट हिरव्या पानांची झुपक्याने तरंगणारी वनस्पती सांडपाण्याच्या तळ्यांत जलपर्णीबरोबरच आढळते.

पाण्याखालील वनस्पती काठावरून दिसत नाहीत. त्यासाठी दोन दंताळ्यांची लोखंडी डोकी पाठीला पाठ लावून घट्ट बांधावीत, त्यांना दहा मीटर दोर लावावा, काठावरून फेकून ती तळाशी बसू द्यावीत आणि मग सावकाश ओढावीत. जे वर येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात पसरून पाहावे. हायड्रिला आणि सेराटोफायलम या आपल्याकडच्या आहेत. पंख्यासारखी बारीक चिरलेली, समोरासमोर असलेली पाने दिसली, तर ती मत्स्यटाकीसाठी विकली जाणारी कॅबोम्बा असण्याची शक्यता असते. २०२० साली केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात आवळ पांडी येथे कॅबोम्बाच्या गुलाबी फुलांनी जलमार्ग भरून गेले, लोकांनी ते पाहण्यासाठी गर्दी केली आणि काहींनी रोपे घरी नेली. सुंदर दिसणारी परकी वनस्पती माणसांच्या हातून कशी पसरते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

कोठे आणि केव्हा पाहावे

संपूर्ण काठ दर वेळी पायी फिरणे शक्य नसेल, तर जेथे नवी रोपे आधी दिसतात ती ठिकाणे निवडावीत. नाले व ओढे तलावाला मिळतात ती मुखे, विसर्जनाचा आणि धुण्याचा घाट, नावा लागतात ती जागा, जाळी वाळत घातली जातात तो काठ, आणि पाणकणसाच्या बेटांमागचे शांत पाणी. याखेरीज वाऱ्याची दिशा ध्यानात घ्यावी. तरंगणारी रोपे वारा नेईल तिकडे जातात. पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याने ती ईशान्य काठाला लागतात आणि हिवाळ्यात वारा पूर्वेकडून वाहू लागला की तीच पश्चिमेला सरकतात. मागच्या महिन्यात पूर्व काठावर दिसलेला पुंजका नाहीसा झाला, असे लिहिण्यापूर्वी समोरचा काठ पाहावा.

महिन्यातून एक फेरी पुरेशी आहे, मात्र वर्षातील दोन फेऱ्या चुकवू नयेत. पहिली पावसाळा ओसरल्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, कारण वरच्या बाजूच्या तळ्यांतून वाहून आलेले सर्व तेव्हा तलावात स्थिरावलेले असते. दुसरी मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना. उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात जलपर्णीचे बी तेव्हा रुजते, आणि ही बाळरोपे मोठ्या रोपासारखी मुळीच दिसत नाहीत. त्यांची पहिली पाने अरुंद, पट्टीसारखी असतात आणि मुळे चिखलात असतात. ती ओळखण्यासाठी चिखलाकडे वाकून पाहावे लागते. जून ते सप्टेंबर हा कमळपक्षी, पाणकोंबड्या यांच्या विणीचा काळ असल्याने त्या महिन्यांत दुर्बिणीने पाहून नोंद करावी आणि तरंगत्या झाडोऱ्यात शिरू नये.

उपग्रहाच्या चित्रांचा उपयोग अवश्य करावा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात आणि सुमारे पाच दिवसांनी नवे चित्र उपलब्ध होते. परंतु त्यातील एक चित्रबिंदू १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. पावसाळ्यात ढग आड येतात आणि शेवाळाचा हिरवा थरही जलपर्णीसारखा दिसू शकतो. पसरलेल्या थराची वर्षभरातील हालचाल समजण्यासाठी ही चित्रे उत्तम आहेत, पहिली दहा रोपे शोधण्यासाठी निरुपयोगी.

नोंद: ‘आढळले नाही’ हेही लिहावे

तलावाच्या काठाचे सुमारे शंभर मीटरचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याला न हलणारी खूण द्यावी: देऊळ, पंपघर, सांडवा, जुना वड. टप्प्यांची नावे व सीमा एकदा ठरल्या की बदलू नयेत, कारण पाच वर्षांनी दुसरा कोणी हेच काम करील तेव्हा त्याला तुमच्या नोंदी त्याच जागी ताडून पाहता आल्या पाहिजेत. प्रत्येक टप्प्यावर एक जागा छायाचित्रासाठी निश्चित करावी आणि दर वेळी तेथूनच, त्याच दिशेला, समोरचा काठ चौकटीत येईल असे छायाचित्र घ्यावे.

तक्त्यात दिनांक, वेळ, टप्पा, वाऱ्याची दिशा, एखाद्या पक्क्या खुणेपासून पाण्याची पातळी, प्रजाती, व्याप्ती, फुले आहेत किंवा नाहीत, आणि छायाचित्राचा क्रमांक एवढे रकाने पुरेत. व्याप्तीसाठी टक्केवारीचा अंदाज अचूक लिहिण्याचा मोह टाळावा. शून्य, सुटी रोपे, पाच टक्क्यांपर्यंत, पंचवीसपर्यंत, पन्नासपर्यंत आणि त्याहून अधिक, असे सहा वर्ग ठेवले की वेगवेगळ्या माणसांचे अंदाज जुळतात. दोघांनी एकमेकांशी न बोलता वर्ग लिहावा आणि मग पडताळावा. थर जाड असेल तर पीव्हीसी नळीची ५० सेंटीमीटर बाजूची, टोके बंद केलेली चौकट पाण्यावर टाकावी, आतील रोपे मोजावीत आणि संख्येला चारने गुणावे. ते एका चौरस मीटरमधील रोपांचे प्रमाण होय. असे चार-पाच ठिकाणी केल्यावरच सरासरी काढावी.

जलपर्णीच्या पानांवर काही मिलिमीटर आकाराचे, फिकट तपकिरी खरवडलेले ठिपके पुष्कळ दिसले, तर त्यांचे जवळून छायाचित्र घ्यावे. १९८० च्या दशकात जलपर्णीच्या नियंत्रणासाठी भारतात आणलेल्या निओकेटिना जातीच्या भुंग्यांनी खाल्ल्याची ती खूण असण्याचा संभव असतो. भुंगे दिवसा रोपाच्या गाभ्यात दडून असतात, त्यामुळे ठिपकेच आधी दिसतात. जेथे भुंगे काम करीत आहेत तेथे काय करावे, हा निर्णय तज्ज्ञांना घेता यावा, यासाठी ही नोंद मोलाची आहे.

टप्पा पूर्ण पाहिला आणि काहीच मिळाले नाही, तर तो रकाना कोरा सोडू नये; ‘पाहिले, आढळले नाही’ असे स्पष्ट लिहावे. कोऱ्या रकान्यावरून तेथे वनस्पती नव्हती की त्या दिवशी तेथे कोणी गेलेच नव्हते, हे कळत नाही. परकी वनस्पती तलावात नेमकी केव्हा आली हे सांगता येते ते या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींमुळेच, आणि नव्या स्वयंसेवकांना त्यांचे महत्त्व पटवून देण्यास मी सर्वाधिक वेळ देतो.

सापडल्यावर

आधी छायाचित्रे घ्यावीत: एक परिसरासह, एक संपूर्ण रोपाचे, एक फुलाचे किंवा पानाच्या पृष्ठभागाचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोबाइलमध्ये स्थाननिश्चिती सुरू असावी. ओळखीची खात्री नसेल तर छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर टाकावीत, आणि एक नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागास दाखवावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. अवघड नमुन्यासाठी तेथे विचारणा करता येते.

जलपर्णीची रोपे थोडी असतील आणि तलावाच्या मालकाची संमती असेल, तर ती तेथेच काढावीत. रोपे एकमेकांना आडव्या धावत्या खोडांनी जोडलेली असतात. ती खोडे न तोडता सर्व जोडणी मुळांसह अलगद उचलावी, मोजावी आणि पोत्यात भरावी. साल्व्हिनिया आणि अ‍ॅलिगेटर वीड यांना मात्र हात लावू नये, कारण ओढताना सुटलेला एकेक तुकडा नवी वसाहत करतो. तेथे फक्त नोंद घेऊन कळवावे. मध्य प्रदेशातील सारणी येथील सातपुडा जलाशयात साल्व्हिनियाचे नियंत्रण तिच्यावरच जगणारे भुंगे सोडून करण्यात आले. असे काम जबलपूरच्या तणविज्ञान संशोधन संस्थेसारख्या यंत्रणांचे आहे. तणनाशकाची फवारणी स्वयंसेवकांनी कोणत्याही परिस्थितीत करू नये. एकदम मेलेला झाडोरा तळाशी कुजतो, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

काढलेली जलपर्णी काठावर ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने ती वाळून अगदी थोडी उरते, पण वाळण्यापूर्वी एक जोराचा पाऊस आला तर सारे श्रम पुन्हा तलावात जातात. पूररेषेच्या वर, पक्क्या जमिनीवर, पातळ थरात ती पसरावी. फुलोरा आलेली रोपे वेगळी ठेवावीत. सांडपाण्यातील जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून तिचे खत भाजीपाल्याला घालू नये.

फेरी संपल्यावर गमबूट, दंताळे, दोर, चौकट, ट्रे, नावेचा तळ हे सर्व तेथेच झटकून, धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवावे, आणि त्याच दिवशी दुसऱ्या तलावावर जाऊ नये. आपल्या बुटाच्या खाचेतून साल्व्हिनियाचा तुकडा स्वच्छ तलावात गेला, तर वर्षभराच्या निगराणीने जेवढे भले झाले त्याहून अधिक नुकसान होईल.

नोंदी कोणाला द्याव्यात

नवी प्रजाती आढळली तर त्याच आठवड्यात तलावाच्या मालकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. हे पत्र एकाच पानाचे असावे: टप्प्यांचा नकाशा, आढळलेली जागा, अंदाजे क्षेत्र, दोन छायाचित्रे आणि नेमकी एक मागणी. ‘तलाव वाचवा’ ही मागणी नव्हे. ‘वायव्येकडील नाल्याच्या मुखाशी असलेला सुमारे वीस चौरस मीटरचा पुंजका फुलोऱ्याआधी काढावा’ ही मागणी होय. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. वर्षाअखेरीस सर्व तक्त्यांची प्रत त्या समितीस द्यावी. सांडपाण्याचा नाला थेट तलावात येत असेल, तर त्याची नोंद त्याच पत्रात स्वतंत्र परिच्छेदात करावी, कारण नत्र व स्फुरद येत राहिले तर काढलेली जलपर्णी परत येणारच.

रोपे काढून झालेला टप्पा पुढील तीन महिने दर पंधरा दिवसांनी पाहावा आणि त्यानंतरही यादीतून वगळू नये. जलपर्णीचे बी तळाच्या गाळात पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते, तेव्हा गटातील माणसे बदलली तरी तक्ते, छायाचित्रे आणि टप्प्यांचा नकाशा नव्या माणसाकडे समक्ष, तलावाच्या काठी एक फेरी बरोबर करून सोपवावा.